फोंड्यातील समुपदेशन केंद्र : मोबाईलच्या आधी घराची आणि वर्गाची चौकशी

नववीतील भाच्याचे मोबाईलवेड हाताबाहेर गेल्याने त्याच्या आईवडिलांसोबत मी गोव्यात फोंड्यातील एका खासगी समुपदेशन केंद्रात गेलो. मोबाईल कसा सोडवायचा, हे विचारायचे असे घरून ठरले होते. समुपदेशक बाईंनी मात्र तो विषय पहिल्या भेटीत जवळजवळ काढलाच नाही. आई, वडील आणि मुलगा यांच्याशी त्या स्वतंत्रपणे बोलल्या, आणि घरात कोण रागावते, कोण पाठीशी घालते, मधल्या सुट्टीत तो कुणासोबत डबा खातो, असे विचारत गेल्या.

त्यातून उलगडले ते असे : वर्गातील काही मुले त्याला अंगकाठीवरून चिडवत, शाळा सुटल्यावर तेच व्हॉट्सॲप ग्रुपवर चाले, आणि ज्या गेममध्ये तो रात्री जागवी तिथे त्याला हिणवणारे कुणी नव्हते. घरी सांगितले तर मोबाईलच काढून घेतील, या धास्तीने तो गप्प होता. माझ्या मते या केंद्राचे खरे मोल ही गाठ सोडवण्यात आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेटच्या व्यसनाविषयीची १९९८ सालची २० प्रश्नांची चाचणी बाईंनी प्रश्न मराठीतून समजावत त्याच्याकडून सोडवून घेतली, पण गुणांवरून ‘व्यसनी’ असा शिक्का मारला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. त्यातही ताबा सुटणे, इतर सर्व मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे ही लक्षणे साधारणपणे १२ महिने टिकावी लागतात. घरातील माया कमी आणि धाक जास्त असला, किंवा सोबत्यांकडून छळ होत असला, की इंटरनेटचा अतिरेक अधिक आढळतो, असे अनेक अभ्यास सांगतात. मात्र त्यांतील बहुतेक एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले असल्याने आधी काय घडले हे ठरवता येत नाही, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

मोबाईल हिसकावून न घेता वापराची वेळ मुलासमवेत ठरली, रात्री सर्वांचेच फोन दिवाणखान्यात राहू लागले आणि आईवडील वर्गशिक्षिकांना भेटले. भाचा आता जेवताना बोलतो. शुल्क सर्वांना परवडेल असे नाही आणि संध्याकाळची वेळ मिळणे कठीण जाते, ही उणीव मोठी आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलावे, तो रात्रंदिवस चालू असतो. आणि मूल जेवणझोप सोडू लागले असेल तर थेट बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्यावे.