फँटसी बेसबॉलमधला कॅचर: एकावर भागवायचं की दुसराही ठेवायचा?

फँटसी बेसबॉलमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बनवतो आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवतो. बेसबॉलचा कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक, एवढ्याच ओळखीवर आपल्यातले बरेच जण पहिला ड्राफ्ट (मोसमाआधीची खेळाडूनिवड) करतात आणि मे महिन्यात अडकतात. यष्टिरक्षक सहसा प्रत्येक सामना खेळतो, कॅचर खेळत नाही. अमेरिकेच्या मेजर लीगच्या मोसमात १६२ सामने, जवळपास रोज एक. तीन तास उकिडवं बसायचं, ताशी दीडशे किलोमीटरचे चेंडू झेलायचे, बॅटला चाटून आलेले अंगावर घ्यायचे. त्यामुळे चांगला कॅचरही साधारण ११०-१२० सामन्यांतच त्या जागी उभा राहतो. रात्री सामना आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुपारी सामना असेल, तर तो बसणार हे जवळपास ठरलेलं. मग तुमच्या संघातली ती जागा चाळीस-पन्नास दिवस रिकामी राहते. ती भरायला बेंचवर (राखीव खेळाडूंत) दुसरा कॅचर ठेवावा का?

बारा संघांची, एका कॅचरची, रोज संघ बदलता येणारी लीग धरू. पंचेचाळीस दिवस रिकामे. पण दुसराही कॅचरच, तोही तीन दिवसांतला एक दिवस बसलेला. म्हणजे हाती लागतात तीसेक सामने, सामन्याला चार वेळा फलंदाजी धरली तर १२० संधी. वेव्हरवरच्या, म्हणजे कुणीच न घेतलेल्या, कॅचरकडून तेवढ्यात चारेक होम रन (आपल्या षटकारासारखे) मिळतील, आणि फलंदाजीची सरासरी बहुतेक खालीच जाईल. त्यासाठी बेंचवरची एक जागा सहा महिने अडकते. त्याच जागेवर आठवड्याला एक पिचर (गोलंदाज) फिरवला, तर पंचवीस आठवड्यांत पाच-पाच इनिंग्ज धरून सव्वाशे इनिंग्ज होतात आणि शंभराच्या आसपास स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले फलंदाज) मिळतात. पिचर निवडताना चुका होतात, मान्य. तरी हे पारडं जड आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

दुसऱ्या कॅचरच्या बाजूने हमखास येणारा मुद्दा दुखापतीचा. मे २०२४ मध्ये विल्सन कॉन्ट्रेरासच्या हातावर फलंदाजाची बॅट बसली, हाड मोडलं आणि तो कित्येक आठवडे बाहेर गेला. अशी वेळ येतेच. पण त्यासाठी इंज्युर्ड लिस्टची वेगळी जागा असते. जखमी कॅचर तिकडे हलवायचा आणि त्याच दिवशी वेव्हरवरून दुसरा उचलायचा. एका कॅचरच्या लीगमध्ये तीस संघांच्या मुख्य कॅचरपैकी अठरा मोकळेच असतात.

खरा फरक पडतो तो कॅचर कसा निवडला यात. डेझिग्नेटेड हिटरचा (फक्त फलंदाजी करणाऱ्या खेळाडूचा) नियम २०२२ पासून मेजर लीगमधल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगना लागू झाला आणि फलंदाजीत चांगल्या असलेल्या कॅचरना विश्रांतीच्या दिवशीही बॅट मिळू लागली. २०२५ मध्ये सिअ‍ॅटलचा कॅल रॅली १५९ सामने खेळला आणि त्याने ६० होम रन मारले. मिलवॉकीचा विल्यम कॉन्ट्रेरास २०२४ मध्ये १५५ सामने खेळला. असा खेळाडू हाती असेल तर दुसऱ्याचा प्रश्नच उरत नाही. याहून स्वस्तातला मार्ग म्हणजे कागदावर कॅचर, पण मैदानात बहुतेक वेळ दुसरीकडे. यँकीजचा बेन राइस २०२५ मध्ये जास्त करून डेझिग्नेटेड हिटर आणि पहिल्या बेसवर होता, त्याने २६ होम रन मारले. कोणता खेळाडू कोणत्या जागी लावता येतो, या लीगच्या पात्रतेच्या अटी ड्राफ्टआधी नीट वाचा. फँटसी लीग चालवणाऱ्या साइटपैकी याहूच्या अटी ईएसपीएनपेक्षा सैल आहेत, त्यामुळे एकाच खेळाडूची किंमत दोन ठिकाणी वेगळी होते.

आठवड्याला एकदाच संघ लावायचा असेल, तर बेंचवरचा कॅचर बसूनच राहील. तो नको.

दोन कॅचरच्या लीगचं गणित मात्र वेगळं. फँटसी बेसबॉलच्या १९८० च्या मूळ रोटिसरी लीगपासून तेवीस खेळाडूंत दोन कॅचर ही परंपरा आहे. बारा संघ म्हणजे चोवीस कॅचर गेले, मोकळे उरले सहा, तेही धड न खेळणारे. तिथे खेळाडूंच्या लिलावात दुसऱ्या कॅचरसाठी दोन डॉलर जास्त मोजायला कचरू नका.

महाराष्ट्रात बसून खेळणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. न्यूयॉर्कमधला संध्याकाळी सातचा सामना भारतात पहाटे साडेचारला सुरू होतो. आज कॅचर खेळणार की नाही, हे त्याआधी दोन-तीन तास कळतं, म्हणजे ऐन झोपेत. बेंचवर दुसरा असला तरी त्याला आत घ्यायला जागं कोण राहणार? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाचे घरचे संध्याकाळचे सामने सकाळी सातनंतर सुरू होतात, त्यांचा संघ चहाच्या वेळी पाहता येतो. दोन कॅचर सारखेच वाटत असतील तर तिथला घ्या.

एकच वेळ अशी आहे, जेव्हा मी स्वतः बेंचवर दुसरा कॅचर घेतो. १ सप्टेंबरला खऱ्या संघांची खेळाडूसंख्या २६ वरून २८ होते आणि अनेक संघ तिसरा कॅचर वर आणतात. शर्यतीबाहेर गेलेले संघ तर आपल्या थकलेल्या मुख्य कॅचरला मुद्दाम बसवतात. हेड-टू-हेड (दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी लढायच्या) लीगचे बाद फेरीचे सामने नेमके याच आठवड्यांत येतात, आणि तिथे एका होम रनवर आठवडा फिरतो. म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी सर्वांत कमी उपयोगाचा पिचर सोडतो आणि अजून शर्यतीत असलेल्या संघाचा कॅचर शोधतो.