जिप्सीच्या चेसीवर कोब्राची फायबर बॉडी: सात-आठ महिने वापरल्यानंतर

मारुती जिप्सीवर कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल, बनवून घेतलीय. नवी असताना सगळ्याच रेप्लिका भारी वाटतात, खरं काय ते एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला की कळतं, म्हणून आत्ता लिहितोय.

डोनर, म्हणजे जिची चेसी आणि इंजिन वापरलं ती गाडी, जिप्सीच का, तर तिला वेगळी लॅडर चेसी, म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा आहे. झेन, एस्टीम या मोनोकॉक गाड्या, म्हणजे बॉडी हाच सांगाडा, ती कापली की ताकदच गेली, मग वर नुसतं फायबर ठेवून काय उपयोग. आणि मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे १९६२ ची मूळ कोब्रासुद्धा लॅडर चेसी आणि पाट्यांचीच (लीफ स्प्रिंगचीच) होती, फक्त तिचे पाटे आडवे. मूळ बॉडी अॅल्युमिनियमची, आपली फायबरची.

कोब्राचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ९० इंच म्हणजे २२८६ एमएम, जिप्सीचा २३७५. हा ८९ एमएमचा फरक कुठेतरी काढावाच लागतो, नाहीतर चाक कमानीच्या मधोमध येत नाही आणि गाडी बाजूने बघितली की लगेच खटकतं. आम्ही चेसीला कटर लावलाच नाही, नाशिकच्या अंबडमधल्या फॅब्रिकेटरने बॉडीच दरवाजाच्या मागे कापून वाढवली, आतून मॅट-रेझिनचे (काचतंतूंची चटई आणि चिकट राळ) थर दिले आणि जोड नीट सुकू दिला. घाईत पुट्टी मारून रंग दिला असता तर एप्रिलच्या उन्हात तिथली रेघ वर आली असती, आज हात फिरवला तरी जोड सापडत नाही.

दरवाजाच्या बिजागऱ्या फायबरवर अजिबात नकोत. आमच्याकडे चेसीपासून वर आलेल्या लोखंडी पाइपवर आहेत, त्यामुळे दरवाजे अजून एका बोटानेही खाली आलेले नाहीत. बॉडी माउंटला, म्हणजे बॉडी चेसीला बोल्टने बसते तिथे, मात्र मोठे वॉशर आणि रबर लागतंच. एका बोल्टला लहान वॉशर राहिला होता, तिथे जेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आल्या.

वायरिंग! फायबरमधून करंट जात नाही, म्हणजे बॉडीतून अर्थिंग मिळतच नाही. पहिल्या इलेक्ट्रिशियनने नेहमीच्या गाडीसारखं काम केलं, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे. आता प्रत्येक लाइटची काळी वायर वेगळी चेसीपर्यंत आणलीय, रंग खरवडून बोल्ट कसलाय, पावसातही त्रास नाही.

इंजिन तेच १२९८ सीसीचं, ८० बीएचपी. १९६५ च्या कोब्रातल्या सात लिटरच्या इंजिनाशी तुलनाच करू नका, पण टप नाही, मागची सीट नाही, गाडी हलकी झालीय आणि थर्डमध्ये खेचते तेव्हा मजा येते. त्याच हलकेपणामुळे पाटे कडक पडतात, खड्डा थेट कमरेत लागतो. गाडीच्या नाकाचं हवा घेणारं तोंड लहान, त्यामुळे हळू चालवताना पाणी तापायचं, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंनी पत्रे लावून हवा बाहेरून निसटणं बंद केलं तेव्हा टेंपरेचरचा काटा मधे राहायला लागला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, ही गाडी मी रस्त्यावर काढत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल बघता कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा इतकी वेगळी गाडी रोडवर चालत नाही, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सही हात वर करेल. गिरणाऱ्याला मामांच्या मळ्यात स्वतःचा लांब रस्ता आहे, तिथेच चालवतो, न्यायची तर ट्रेलरवर. ज्यांना कॉलेज रोडवर मिरवायचीय त्यांनी यात पैसे घालू नयेत.

पुढचं काम पाट्यांचं. मागच्या सेटमधून एक पान काढून बघणार आहे, सोबत शॉकअपही बदलावे लागतील.