फॉक्सचा बोर्ड: १९३३ ते २०२०, एका पेंटरनं पाहिलेला

मी बोर्ड पेंटर. इचलकरंजीत माझी चाळीस वर्षं झाली, वडिलांची, म्हणजे आण्णांची, धरली तर पासष्टच्या पुढे. पत्रा घासायचा, रेड ऑक्साइड मारायचं, दोऱ्याला खडू चोळून रेघ पाडायची आणि अक्षर काढायचं, हे आमचं काम. त्यामुळे सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर कंपनीचा जो बोर्ड येतो, तो मी सिनेमाइतक्याच लक्षानं बघतो.

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीचा बोर्ड पहिल्यांदा पाहिला तो कोल्हापुरात, रविवारी सकाळच्या इंग्रजी खेळाला. दहा वर्षांचा असेन. सिनेमा कोणता होता ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पडदा सोनेरी झाला, वाजंत्री सुरू झाली आणि आण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "त्या शून्याकडं बघ. कललंय."

"चुकलं व्हय पेंटरचं?"

"चुकायला काय झालं? जागा भरलीय त्यानं."

मागच्या महिन्यात पुतण्यानं या बोर्डाच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या संगणकावर ओळीनं लावून दिल्या. चार रात्री बसलो. चित्र थांबवायचं, पडद्यावर ट्रेसिंग पेपर धरायचा, मुख्य रेघा उतरवून घ्यायच्या. अकरा कागद झाले. त्यातून जे दिसलं ते लिहितो.

आधी बोर्ड कसा आहे ते सांगतो. तीन ओळी आहेत. वर '२०' चा आकडा, मध्ये 'सेंच्युरी', खाली 'फॉक्स'. अक्षरं भिंतीवर काढलेली नाहीत, चौथऱ्यावर एकावर एक रचलेली आहेत, दगडी इमारतीसारखी. आपण खाली रस्त्यावर उभे आहोत आणि जरा कोपऱ्यातून मान वर करून बघतोय, असा कोन धरलेला. आणि भोवती आकाशात फिरणारे सर्चलाइटचे झोत. हॉलिवूडला मोठ्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला असे झोत सोडायची पद्धत होती, तीच इथं घेतलीय.

यातलं अवघड काय आहे ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. उठावाचं अक्षर काढताना आपण उजेड एका बाजूनं धरतो आणि दुसऱ्या बाजूला शेड देतो. उजेड एकच ठेवायचा, हा पहिला धडा. इथं उजेड खालून, बाजूनं, मागून, सगळीकडून येतो आणि वर हलतोही. तरी एकाही अक्षराची कड हरवत नाही.

ही करामत एमिल कोसा या चित्रकाराची. जलरंगात कॅलिफोर्नियाची चित्रं काढणारा हा माणूस स्टुडिओत काचेवर देखावे रंगवायचा. १९३३ मध्ये त्यानं हा बोर्ड काचेच्या एकामागं एक लावलेल्या थरांवर रंगवला आणि मग एकेक चौकट हलवत चित्रित केला. 'क्लिओपात्रा'च्या स्पेशल इफेक्ट्ससाठी ऑस्कर मिळालं तेही त्यालाच. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमात गेले. ब्रश हातात असलेल्या माणसांनी दोन्हीकडे सिनेमाची पहिली पायरी बांधलेली आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

कोसानं बोर्ड काढला तेव्हा त्यावर 'फॉक्स' नव्हतंच. जोसेफ शेंक आणि डॅरिल झॅनक यांची ती नवी कंपनी होती, ट्वेंटिएथ सेंच्युरी पिक्चर्स. खालच्या ओळीत 'पिक्चर्स, इंक.' होतं. १९३५ मध्ये ही कंपनी फॉक्स फिल्मशी एक झाली आणि खालची ओळ काढून तिथं 'फॉक्स' बसवलं. गंमत बघा, ज्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात आलं तो विल्यम फॉक्स तोवर स्वतःच्या कंपनीतून बाहेर गेलेला होता.

पण अक्षर म्हणून ती बदली इतकी झकास झाली की मूळ बोर्डच त्यापुढे अर्धवट वाटतो. इंग्रजीत 'फॉक्स'ची तीनच अक्षरं. तीन म्हणून त्यांना रुंदी मिळाली. वर 'सेंच्युरी'ची सात अक्षरं दाटीनं उभी, आणि खाली ही तीन पाय रोवून. देवळाचं जोतं जसं जड आणि साधं असतं, तसं. त्यात मधला 'ओ' गोल आणि वरच्या आकड्यातलं शून्यही गोल, त्यामुळे नजर वरून खाली आपोआप येते. दहापैकी नऊ देईन. कृष्णधवल प्रती बघताना तर जास्तच कळतं, कारण तिथं सोनं नाही, चकाकी नाही, फक्त उजेड आणि सावली. रंग काढून घेतल्यावर जे अक्षर उभं राहतं ते खरं, असं आण्णा म्हणायचे.

वाजंत्रीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण हा बोर्ड आवाजाशिवाय बघितलाच जात नाही. आल्फ्रेड न्यूमन यांनी ती १९३३ मध्येच बांधली. आधी ताशाच्या तर्रीसारखा ड्रम घुमतो आणि मग पितळी वाद्यं एकदम उठतात. मी एकदा आवाज बंद करून बोर्ड पाहिला आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकला. डोळे मिटून ऐकताना झोत डोळ्यांपुढे फिरत राहिले. आवाज बंद केल्यावर मात्र अक्षरं थोडी लहान झाल्यासारखी वाटली.

आता ते शून्य. १९५३ मध्ये फॉक्सनं सिनेमास्कोप आणला. पडदा एकदम रुंद झाला. कोसाचा बोर्ड जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी बेतलेला, तो रुंद पडद्यावर मधोमध आकसून उभा राहिला असता. पॅसिफिक टायटल या कंपनीतल्या रॉकी लाँगो या चित्रकाराला तो नव्यानं काढायला सांगितलं. त्यानं बोर्डाला रुंदी यावी म्हणून '२०' मधलं शून्य तिरकं केलं. म्हणजे आण्णा म्हणाले होते तेच. जागा भरली होती.

हे मी वाचलं तेव्हा आण्णांना जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. इंग्रजी अक्षरं ते चित्र म्हणून काढायचे, गिऱ्हाईक कागदावर लिहून देईल तशी. पण कोपऱ्यातल्या बाकावरून एक शून्य बघून त्यांनी त्या पेंटरची अडचण ओळखली होती.

ट्रेसिंगवर ते शून्य नीट दिसतं. कललंय, पण पडत नाही. हातानं काढलेलं कळतं. बोर्ड अरुंद पडला की एखादं अक्षर जरा पसरून, जरा झुकवून ओळ भरायची ही युक्ती आम्ही रोज करतो, फक्त लोकांच्या लक्षात येऊ द्यायची नसते. लाँगोनं ती जगभरच्या पडद्यांवर उघड उघड केली. या आवृत्तीला माझे दहापैकी दहा.

सिनेमास्कोपसाठी न्यूमन यांनी वाजंत्रीही पुढे वाढवली. पण सत्तरच्या दशकात ती फारशी वाजेनाशी झाली होती. १९७७ मध्ये जॉर्ज लुकास यांनी 'स्टार वॉर्स'साठी ती मागून घेतली, आणि जॉन विल्यम्स यांनी सिनेमाचं मुख्य संगीत त्याच पट्टीत बांधलं. म्हणून बोर्ड संपून सिनेमा कधी सुरू झाला ते कानाला कळत नाही.

१९८१ मध्ये लाँगोनंच काचेचे आठही थर पुन्हा रंगवले आणि शून्य सरळ केलं. काम स्वच्छ आहे, त्यात खोट काढता येत नाही. मला जुनंच आवडतं.

मग १९९४. इथं काच गेली आणि संगणक आला. आमच्याकडे फ्लेक्स आला तेव्हाचे दिवस आठवले. या आवृत्तीबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत आणि ती अजून एक झालेली नाहीत.

केव्हिन बर्न्स या फॉक्सच्याच टेलिव्हिजन निर्मात्यानं ती करून घेतली. वाढवलेली २१ सेकंदांची वाजंत्री पूर्ण वाजावी एवढी हालचाल चित्रात पाहिजे होती, म्हणून कॅमेरा अक्षरांच्या अगदी जवळून निघतो, वळसा घेत मागं येतो आणि शेवटी कोसाच्या त्या ओळखीच्या कोपऱ्यावर थांबतो. संध्याकाळचं आकाश, मागं लॉस एंजेलिस शहर, लांब टेकडीवर हॉलिवूडची पाटी. सुरुवातीला अक्षर इतकं जवळ असतं की ते अक्षर आहे हेच कळत नाही, नुसती सोनेरी भिंत दिसते. मोठा बोर्ड रंगवताना शिडीवर उभ्या पेंटरला असंच दिसतं. खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे गेल्याशिवाय आपण काय काढलंय ते कळत नाही. तो अनुभव या चित्रात आहे, आणि तो कोसाच्या काचेत येणं शक्य नव्हतं.

उणं हे, की सगळंच चकाकतं. सावलीला जागा उरलेली नाही. अक्षर दगडाचं राहिलं नाही, पितळेचं झालं.

एक गोष्ट मात्र मी चित्र थांबवून परत परत पाहिली. मागच्या शहरातल्या इमारतींवर दुकानांच्या बारीक पाट्या आहेत. कंपनीतल्या माणसांची नावं त्यांवर घातलेली, 'मर्डॉक्स डिपार्टमेंट स्टोअर' वगैरे. त्यातली एक पाटी आहे 'बर्न्स ट्राय-सिटी अलार्म'. केव्हिन बर्न्सच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात चोर आणि आग यांच्या घंटा बसवण्याचा धंदा होता. ते वारले होते. मुलानं त्यांची पाटी तिथं लावली. बोर्डाच्या आत बोर्ड, आणि तोही बापाच्या दुकानाचा. माझा चकाकीवरचा राग तिथं निम्मा उतरला. आठ गुण.

२००९ मध्ये 'अवतार'च्या वेळी ब्लू स्काय स्टुडिओनं याच चित्राला नवी झिलई दिली. काम बारकाईचं आहे, पण सांगण्यासारखं वेगळं मला काही सापडलं नाही.

टेलिव्हिजनवर हाच बोर्ड कार्यक्रमाच्या शेवटी दोन-चार सेकंद यायचा आणि वाजंत्रीचं शेपूट तेवढं वाजायचं. छोट्या पडद्यावर, एवढ्या कमी वेळात वाचता येणं हीच अक्षराची खरी परीक्षा. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी जाऊन पाहिलं. 'फॉक्स' वाचता येतं. 'सेंच्युरी' वाचता येत नाही, पण ओळखता येतं.

आणि आता २०२०. डिस्नेनं २०१९ मध्ये कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी बोर्डावरून 'फॉक्स' काढून 'स्टुडिओज' घातलं.

मी स्वतः एकदा असं नाव पुसलंय. बाजारपेठेतलं एक कापडाचं दुकान होतं, दोन भावांच्या नावाचं. भाऊ वेगळे झाले. थोरल्यानं मला बोलावून धाकट्याचं नाव तेवढं घालवायला सांगितलं. बोर्ड आण्णांनी रंगवलेला. मी दोन हात पांढरा मारला, वर नवा मजकूर लिहिला. तिसऱ्या पावसाळ्यात आण्णांची अक्षरं खालून वर दिसायला लागली. जुन्या इनॅमलची जाडी असते, ती लपत नाही. दुकानात येणारी म्हातारी माणसं त्या दुकानाला शेवटपर्यंत दोन्ही नावांनीच हाक मारत होती.

पडद्यावर पाऊस पडत नाही. पण मला तिथं 'फॉक्स' अजून दिसतं. नाव कोणाचं ठेवायचं हा मालकाचा प्रश्न, त्यात मी शिरत नाही. अक्षरांचं मात्र बोलतो. 'सेंच्युरी'ची इंग्रजीत सात अक्षरं, 'स्टुडिओज'चीही सात. जिथं तीन रुंद अक्षरं जोतं होऊन उभी होती, तिथं तेवढ्याच जागेत सात आली. म्हणजे फटी वाढल्या, त्यात एक 'आय' नुसता खांबासारखा. दोन सारख्या भरलेल्या ओळी एकाखाली एक आल्या की जड कोणती आणि हलकी कोणती ते कळेनासं होतं, इमारत खालून पोखरल्यासारखी दिसते. १९३५ मध्ये सुटलेली गाठ परत बसली. कोन तोच आहे, झोत तेच, न्यूमन यांची वाजंत्री तीच, म्हणून बोर्ड सावरतो. सहा गुण, आणि त्यातले तीन वाजंत्रीचे.

हे सगळं बघायचं असेल तर १९५३ चा रुंद पडद्यावरचा बोर्ड आधी बघा, तोही मोठ्या पडद्यावर, मोबाइलवर नको. मग लगेच २०२० चा.

माझ्या अकरा कागदांपैकी शेवटच्या दोनांवर मी हेच केलंय. २०२० चा बोर्ड खाली ठेवला, त्यावर लाँगोचा कागद सरकवला आणि त्याचं ते तिरकं शून्य सरळ शून्याच्या जागी उतरवून घेतलं. वरची ओळ सैल होते, नजर तिथं अडकते आणि खालच्या सात अक्षरांची दाटी तेवढी खुपत नाही. कागद दुकानात आण्णांच्या ब्रशांच्या डब्यावर डकवलाय.