डीएल पासिंगची स्वस्त जर्मन गाडी: माझे 8,60,000 कसे गेले

गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष गाडीचा नाही, विकणाऱ्याचा आहे. विकणाऱ्याचं नाव लिहायला हात शिवशिवतोय, पण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकील म्हणाले गप्प बसा. ओळखायची खूण मात्र सांगतो: हायवेलगतचं यार्ड, बाहेर झेंडे, आत दहा-बारा जर्मन गाड्या चकाचक पुसून उभ्या, त्यातल्या निम्म्या डीएल (दिल्ली) आणि एचआर (हरियाणा) नंबरच्या. अशी यार्डं महाराष्ट्रात ढिगाने आहेत. मी गाडी घेतली तेव्हा, 2024 ला, डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की दिल्लीत चालत नसे. 2015 ला हरित लवादाने तसा आदेश दिला, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या श्रीमंतांच्या गाड्या मातीमोल भावात निघू लागल्या आणि इकडे आपल्यासारख्यांच्या गळ्यात पडू लागल्या. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. मी अडाणी नाही.

हळद-गुळाची अडत आहे माझी. आयुष्य माल पारखण्यात गेलं. नव्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलला वीस लाख घालायचे, की नवी असताना चाळीस लाखांच्या घरात असलेली सेदान साडेआठ-नऊ लाखांत घ्यायची, हा हिशेब कुणीही केला असता. जे आता मला शहाणपण शिकवतायत, त्यांनीच ऑक्टोबर 2024 मध्ये गाडीपुढे उभं राहून फोटो काढून घेतले होते.

जाहिरातीत होतं: 2015 जानेवारीचं मॉडेल, सिंगल ओनर, 64,300 किलोमीटर, शोरूम मेंटेन्ड, किंमत 9,25,000. ओनर म्हणजे दिल्लीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. आदल्या दिवशी मी फोन करून बजावलं होतं, "उद्या अकराला येतो. तोवर गाडी चालू करू नका, मला थंड इंजिन सुरू करून बघायचंय." ही अट मी स्वतः घातली होती. जुन्या डिझेलचं दुखणं थंडीतच बोलतं, हे मला ट्रॅक्टरपासून माहीत आहे.

अकराला पोचलो. बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. तापलेलं! उन्हाने नाही, गाडी शेडखाली होती.

सेल्समन पोरगा म्हणाला, "काका, आत्ताच वॉशिंगला नेऊन आणली. तुम्ही येणार म्हणून."

तुम्ही येणार म्हणून! हे वाक्य आजही रात्री आठवतं आणि झोप उडते. मी येणार म्हणूनच तापवली होती. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की ठीक आहे, उद्या सकाळी परत येतो, किल्ली माझ्यासमोर कपाटात ठेवा. पण उद्या अडतीवर सौद्याचा दिवस, घर लांब, बरोबर बायको आणि भाचा, आणि तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर यार्डमालकाच्या फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला: "नाही शेठ, सांगलीचे पाहुणे बसलेत, त्यांनी सोडली तर तुमची." मी सांगलीचा नाहीसुद्धा. त्या फोनच्या पलीकडे कुणीही नव्हतं, हे आता कळतं.

भाच्याचा मित्र बरोबर होता, डिझेल जीपा दुरुस्त करणारा, चांगला मिस्त्री. त्याने खालून ऑइल गळतंय का बघितलं, टायर बघितले, चक्कर मारून आणली, म्हणाला मक्खन आहे. त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे त्या गाडीचा स्कॅनर नव्हता. पण एक गोष्ट कुठल्याही स्कॅनरशिवाय दिसते, ती तुम्ही बघा: इग्निशन दिल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. आमच्या गाडीत तो कधी पेटलाच नाही, आणि दिवा पेटत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं आम्ही समजलो. पुढे कळलं की ड्रायव्हरसमोरची एअरबॅगच नाही. तिच्या जागी एक रेझिस्टर जोडलाय, म्हणजे गाडीला वाटतं एअरबॅग आहे. हा बाजारात काही रुपयांना मिळणारा तुकडा. त्या स्टिअरिंगमागे माझी मुलगी बसून गाडी शिकली.

सौदा 8,60,000 ला पक्का झाला. कसे दिले ते लिहितो: टोकन 50,000 यूपीआयने, आरटीजीएस 6,15,000, आणि रोख 1,95,000. रोख एक पंच्याण्णवच का? कारण दोन लाख किंवा वर रोख घेतली तर घेणाऱ्याला प्राप्तिकराचा तेवढाच दंड बसतो. कायदा यार्डवाल्याला पाठ होता. पावती मिळाली 6,65,000 ची. "बाकीचं जीएसटीमुळे, काका, सगळेच करतात." सगळेच करतात हे खरंही आहे, मी स्वतः व्यापारी आहे, मला काय सांगायचं. पण आज आयोगासमोर माझे 1,95,000 अस्तित्वातच नाहीत. आणि आरटीजीएस ज्या खात्यावर गेला ते यार्डाचं नव्हतंच, कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं होतं. खात्याचं नाव आणि पाटीवरचं नाव जुळत नसेल तर उठून चालू लागा. चहा अर्धा राहिला तरी चालेल.

मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये मी नंबर टाकून बघितला होता. आरसी ॲक्टिव्ह दिसली. खाली फायनान्सर म्हणून एका बँकेचं नाव होतं. विचारलं, तर म्हणे कर्ज फिटलंय, फॉर्म 35 वर (आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म) सही राहिलीय, एनओसीबरोबर (दिल्ली आरटीओचं ना हरकत पत्र) पंधरा दिवसांत येईल. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या-शिक्क्यांसकट माझ्या हातात दिले. कोऱ्या फॉर्मवर कंपनीचा शिक्का बघून आपल्याला फार बरं वाटतं. त्या कागदांची किंमत आज सांगतो: शून्य. ऑनलाइन अर्ज करायचा तर मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि तो मोबाइल बंद आहे.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना सुरू केली. इंजिनच्या मागच्या बाजूने खळखळ असा आवाज आला, दोन-तीन सेकंद, मग बंद. भाचा म्हणाला डिझेल आहे, आवाज करणारच. दिवाळी झाली, आवाज वाढला, आणि खंबाटकी घाट चढताना गाडीने पॉवर सोडली. पुण्यात कंपनीच्या वर्कशॉपला दिली. तिथे कळलं की टायमिंग चेन सैल झालीय, आणि या इंजिनात ती चेन पुढे नसून गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे इंजिन खाली उतरवल्याशिवाय हात लागत नाही. अंदाजपत्रक 2,46,000. बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं, 1,48,500. टायर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे), चारही संपलेले, 19,800 प्रमाणे 79,200.

त्याच वर्कशॉपमधल्या एका भल्या माणसाने चेसिस नंबर टाकून जुन्या सर्व्हिसची नोंद काढली. 2019 मध्ये गुरुग्रामला गाडी सर्व्हिसला आली तेव्हा मीटर 1,71,420 होता. मला विकली तेव्हा 64,300. पाच वर्षांत गाडी एक लाखाहून जास्त किलोमीटर उलटी धावली! ही चौकशी पैसे देण्याआधी करता येते. चेसिस नंबर मागा, फोटो मागा, "मालक परवानगी देत नाही" असं म्हणाले तर तिथेच उत्तर मिळालं. ब्रेक पॅडलचं रबर बघा. साठ हजार चाललेल्या गाडीचं पॅडल गुळगुळीत होत नाही. आमचं झालं होतं, आणि त्यावर नवं स्टीलचं कव्हर बसवलं होतं. मला ते कव्हर आवडलंही होतं.

पंधरा दिवसांची एनओसी आली नाहीच. जानेवारीत दिल्लीतली दहा वर्षं भरली आणि तिथली नोंदणी संपली. मग मी बँकेला गाठलं. कर्जदार तुम्ही नाही, माहिती देता येत नाही. खूप हातापाया पडल्यावर एवढंच कळलं की 4,12,600 बाकी आहे आणि कर्जदार कंपनी फरार आहे. कर्ज असताना एनओसी नाही, दिल्लीचे ई-चलन थकलेले असताना एनओसी नाही, एनओसी नाही म्हणून इथे पासिंग नाही, पासिंग नाही म्हणून विमा माझ्या नावावर नाही. विम्याचा हप्ता 27,340 मात्र मी भरला, त्या फरार कंपनीच्या नावावर. दिल्लीतल्या एका एजंटाला 12,000 दिले, तोही फोन उचलत नाही. आणि समजा एनओसी आली असती, तरी आपल्याकडचा वन टाइम टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवरून निघतो, तुम्ही किती स्वस्तात घेतली त्यावर नाही. इथल्या एजंटाने दोन लाखांच्या वरचा आकडा सांगितला. यार्डवाला म्हणाला होता पन्नास हजारांत बसवतो.

आता पोलीस. यार्ड ज्यांच्या हद्दीत, त्यांनी अर्ज वाचायच्या आधी सांगितलं, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, साहेब, मीटर फिरवलाय, एअरबॅग काढून रेझिस्टर लावलाय, यात सिव्हिल काय आहे? तर म्हणे मीटर यांनीच फिरवला कशावरून, दिल्लीतही फिरवला असेल, दिल्लीला तक्रार करा. आमच्या गावच्या ठाण्यात गेलो तर व्यवहार इथे झालेला नाही. झिरो एफआयआर म्हटलं तर हवालदार हसला, "ते खुनाबिनाला असतं." नसतं! नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यायची. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) दखलपात्र आहे. मी छापील पान घेऊन गेलो होतो. ते त्यांनी वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. वर एकाने विचारलं, "एवढी महाग गाडी घेताना कागद बघितले नाहीत का?" म्हणजे चोर राहिला बाजूला, जबाब माझा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज करता येतो, तो केला. पोच आली. पोचेच्या पुढे काही आलं नाही.

आरटीओची तऱ्हा याहून भारी. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात घेतली की फॉर्म 29सी भरून ऑनलाइन कळवावं लागतं. मी विचारलं, या यार्डाला अधिकारपत्र आहे का? पहिल्या खिडकीवर "असं काही नसतं." दुसऱ्या खिडकीवर "असतं, पण यादी आमच्याकडे नाही." तिसरे साहेब मीटिंगला. केंद्राने नियम काढला, राजपत्रात छापला, आणि ज्यांनी राबवायचा त्यांना तो माझ्यासारख्या अडत्याने समजावून सांगायचा. त्याच आवारात बाहेर डीएल नंबरची गाडी उभी होती, काचेवर "फॉर सेल". मी बोट दाखवलं. कुणी मान वर केली नाही. तुम्ही यार्डात गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा, अधिकारपत्र दाखवा. भिंतीवर देवाचे फोटो असतात, ते नको.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मुलगी गोड बोलली, तक्रार नोंदवली, यार्डाने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. माहिती नसेल त्यांच्यासाठी: केस तुमच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विकणाऱ्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये. मुदत दोन वर्षं, तेवढीच, आणि यार्डवाले "पुढच्या आठवड्यात, काका" म्हणत तीच खातात. वकिलाच्या नोटिशीला माझे 5,000 गेले, नोटीस "पत्त्यावर सापडत नाहीत" शेऱ्यासह परत आली. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल द्यावा. आमच्याकडे समोरचा हजर नाही म्हणून तारीख, मग त्याच्या वकिलाने वकीलपत्र दिलं म्हणून तारीख, मग सदस्याची जागा रिकामी म्हणून तारीख.

आजवरचा एकूण आकडा 11,32,040. एअरबॅग अजून बसवलेली नाही. गाडी वापरतही नाही, विकताही येत नाही, भंगारात द्यायची तरी कागद लागतात. बँकेची माणसं एक दिवस येऊन ती उचलून नेतील, आणि तेव्हा मात्र पोलीस बंदोबस्ताला हजर असतील.

यार्डाची पाटी गेल्या महिन्यात बदलली. नाव नवीन, झेंडे तेच, चहा देणारं पोरगंही तेच. ज्यांनी 2024 मध्ये हायवेलगतच्या अशा यार्डातून डीएल किंवा एचआर पासिंगची गाडी घेतली आणि आरटीजीएस एखाद्या एंटरप्रायझेसच्या खात्यावर केला, त्यांनी आधी ती स्लिप शोधा, खात्याचं नाव बघा. एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 35(1)(सी). रोख दिलेली असेल तर लाजू नका. ती रक्कमही प्रतिज्ञापत्रात लिहा, तारखेसकट, आणि त्या दिवशी बँकेतून पैसे काढल्याची नोंद जोडा. मी जोडलीय.