2004 च्या पिकअपचा हीटर, एका अख्ख्या हिवाळ्यानंतर

मागच्या वर्षी जानेवारीत आई पुण्याहून कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला आली. विमानतळ ते घर या रस्त्यात तिने दोन शाली पांघरल्या, हातमोजे काढलेच नाहीत आणि शेवटी विचारलं, "अरे, हा हीटर आहे की कूलर?" बाहेर उणे 28 होतं. गाडी 2004 ची, व्ही-8 इंजिनाची पिकअप, तीन लाख किलोमीटरच्या उंबरठ्यावर. सेकंडहँड घेतली तेव्हापासून हीटर असाच, सिग्नलला थांबलं की गार आणि पळवली की कोमट. ऑक्टोबरमध्ये स्वतःच कामाला लागलो. आता एप्रिल उजाडलाय, म्हणजे केलेल्या कामाची परीक्षा झालेली आहे.

आधी एका गॅरेजमध्ये दाखवली होती. बॉनेटही न उघडता त्याने सांगितलं, हीटर कोअर बदला, अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागेल, चौदाशे डॉलर. त्या रागात मी शिकलो म्हणा ना.

अशा गाडीतला हीटर स्वतः काही तापवत नाही. इंजिनातून फिरून गरम झालेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून जातं, तोच हीटर कोअर, आणि ब्लोअर, म्हणजे पंखा, त्यावरून हवा ढकलतो. त्यामुळे आधी बघायचं ते इंजिन. माझा तापमानाचा काटा हायवेवरसुद्धा पाव रेषेच्या वर सरकत नव्हता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडाच अडकला होता, म्हणजे अल्बर्टाच्या थंडीत पूर्ण रेडिएटर चोवीस तास इंजिन गार करत होता. 195 फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण 90 सेल्सियसचा नवा थर्मोस्टॅट बसवला. तीस डॉलर आणि एक तास. काटा मधोमध आला, पेट्रोलही जरा कमी लागायला लागलं. केबिन मात्र कोमटच.

मग हीटरच्या दोन्ही होजना, म्हणजे रबरी नळ्यांना, इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. आत जाणारा 82 सेल्सियस, बाहेर येणारा 44. एवढा फरक म्हणजे कोअर तुंबलेला. (दोन्ही होज गार असते तर पाणी तिथवर पोचतच नाही असं समजायचं. दोन्ही कडक गरम आणि हवा गार, तर दोष गरम-गार हवा मिसळणाऱ्या आतल्या झडपेचा.)

होज सोडवताना प्लॅस्टिकचा कनेक्टर हातातच मोडला. वीस वर्षांचं प्लॅस्टिक ते, मोडणारच; आधीच नवा आणून ठेवा, नाहीतर माझ्यासारखी रविवारी संध्याकाळी दुकानं शोधत फिरायची वेळ येईल. बागेतल्या नळीने बाहेर येणाऱ्या तोंडातून उलटं पाणी सोडलं. आधी थेंब थेंब, मग एकदम चिंचेच्या कोळासारखं तपकिरी पाणी आणि त्यात चकाकणारे कण. आधीच्या मालकाने कधीतरी गळती बुजवायची पावडर ओतली असणार. ती गळतीबरोबर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवते. हे पाप कुणी करू नका. कधी या बाजूने, कधी त्या बाजूने, असं अर्धा तास चाललं. नळाचा जोर कमीच ठेवला, नाहीतर जुना अॅल्युमिनियमचा कोअर फुटायचा. सगळं घाण पाणी बादलीत धरून शहराच्या इको स्टेशनवर, म्हणजे घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन दिलं. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

नवं कूलंट भरताना लोक एक चूक करतात: थंडी जास्त म्हणून निव्वळ कूलंट ओततात. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं. पाण्याशी निम्मं-निम्मं केलं की उणे 37 पर्यंत टिकतं, साठ टक्के कूलंट घेतलं की उणे 50 च्या आसपास. मी साठ टक्के ठेवलं, डिस्टिल्ड पाण्यात. रंग बघून कूलंट निवडू नका, हिरवं-नारंगी याला आता काही अर्थ राहिलेला नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते घ्या.

पहिले दोन दिवस डॅशबोर्डमागे माठात पाणी ओतल्यासारखी गुडगुड येत होती. आत हवा अडकलेली. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं, गाडीचं नाक चढावर केलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे थांबले आणि गुडगुडही गेली. आता होजचं माप 83 आणि 70. डिसेंबरात उणे 31 ला मी जॅकेट काढून गाडी चालवली.

ब्लोअर फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर चालायचा, तो पंख्याचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरचा दोष. प्रवाशाच्या पायापाशी तीन स्क्रू, काम दहा मिनिटांचं. पण त्याचा प्लगही वितळलेला होता. तो तसाच ठेवला तर नवा रेझिस्टर जळतो, म्हणून वायरसकट जोडी घेतली. ब्लोअरच्या पिंजऱ्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघाली, उंदराने संसार थाटलेला. या गाडीत केबिन फिल्टरच नाही, तेव्हा दर शरद ऋतूत तिथे हात घालून बघायचं ठरवलंय.

शेजारच्या युक्रेनियन आजोबांनी गार वारा अडवायला रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायला सांगितला. लावला, अर्धाच. उणे 20 च्या खाली फरक कळतो, पण ट्रेलर ओढताना काढून ठेवतो. ब्लॉक हीटर (बंद इंजिन विजेवर गरम ठेवणारा) टायमरवर, निघायच्या तीन तास आधी सुरू होतो.

तक्रारी उरल्यात. मागच्या सीटवर पाय अजून गारठतात. आणि गरम-गार बदललं की डॅशबोर्डच्या आत टकटक होते, त्या झडपेच्या मोटरचे दात झिजलेत. फ्यूज काढून परत लावला की आठवडाभर गप्प बसते. मोटर मागवली आहे, पण ती ज्या कोपऱ्यात आहे तिथे माझा पंजा मावत नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिचा मावतो. सध्या मोबदल्याची बोलणी चालू आहेत.