फूटीचा क्लब निवडताना: मेलबर्नचा जुना की सिडनीचा नवा?

ऑस्ट्रेलियात नोकरीला लागून पहिला हिवाळा आला की ऑफिसात कुणीतरी विचारतंच, ‘फूटीत (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये) तुमची टीम कुठली?’ ‘मी क्रिकेटवाला’ हे उत्तर एखादा सीझन खपतं. पुढच्या वर्षी पोरगी शाळेतून ऑसकिकचा, म्हणजे मुलांच्या फूटी वर्गाचा, फॉर्म घेऊन येते, तिच्या मैत्रिणींच्या टीम आधीच ठरलेल्या असतात, आणि मग घरात विषय निघतो. घाई करू नका. एकदा क्लब धरला की सोडायचा नाही, हा तिथला अलिखित नियम आहे. टीम बदलणाऱ्याकडे लोक पक्ष बदलणाऱ्या आमदारासारखं बघतात.

हा आढावा मुख्यतः दोन वस्त्यांमधल्या मराठी घरांसाठी आहे. एक मेलबर्नच्या पश्चिमेची: टार्नीट, ट्रुगनीना, पॉइंट कुक. दुसरी सिडनीच्या पश्चिमेची: वेंटवर्थव्हिल, टूंगॅबी, ब्लॅकटाउन. दोन्हीकडे आपली माणसं भरपूर, पण फूटीच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत. इयन टर्नर नावाच्या इतिहासकाराने १९७८ साली एका भाषणात ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक रेघ ओढली आणि तिला रॉन बरासी या खेळाडूचं नाव दिलं. रेघेच्या दक्षिण-पश्चिमेला ऑस्ट्रेलियन रूल्स, उत्तर-पूर्वेला रग्बी. (भाषणमालेला ‘बरासी स्मृती’ असं नाव होतं आणि बरासी तेव्हा ठणठणीत होते. ते गेले २०२३ मध्ये.) मेलबर्न रेघेच्या अलीकडे, सिडनी पलीकडे. एएफएलचा, म्हणजे फूटीच्या राष्ट्रीय लीगचा, गेल्या चाळीस वर्षांतला सगळा खटाटोप ही रेघ पुसण्याचा आहे.

‘जुने’ आणि ‘नवे’ असे दोन गट सरळ पडतील असं वाटतं, पण तसं होत नाही. कॉलिंगवूड, कार्लटन, एसेंडन हे लीगच्या १८९७ च्या पहिल्या सीझनपासूनचे. रिचमंड १९०८ चा. फुट्सक्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न १९२५ चे. हे अस्सल जुने. सिडनी स्वान्स मात्र मुळात साउथ मेलबर्न. कर्जात बुडालेला हा क्लब १९८२ मध्ये बाडबिस्तरा घेऊन सिडनीला गेला. ब्रिस्बेन लायन्स म्हणजे १९८७ चा ब्रिस्बेन बेअर्स आणि मेलबर्नचा फिट्झरॉय यांची १९९६ अखेरची मोट. कोऱ्या पाटीवर उभे केलेले अलीकडचे क्लब दोनच: २०११ चा गोल्ड कोस्ट सन्स आणि २०१२ चा ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स. त्यातही सन्स जन्माला आला तो एका नकारामुळे. एएफएलने नॉर्थ मेलबर्नला गोल्ड कोस्टला हलण्यासाठी मोठं आर्थिक पॅकेज देऊ केलं होतं. २००७ च्या डिसेंबरात नॉर्थने ते नाकारलं, तेव्हा तिथे नवाच क्लब काढायचं ठरलं.

सगळ्या अठरा क्लबांची तुलना करत बसलो तर पुढचा सीझन उजाडेल. म्हणून जोडी घेतो ती वेस्टर्न बुलडॉग्ज आणि जायंट्सची. दोघेही आपापल्या शहराच्या पश्चिमेचे, दोघांच्या अंगणात स्थलांतरितांची वस्ती.

मत कोणाला आहे?

लोक आधी चषक मोजतात. मी आधी विचारीन, क्लबच्या कारभारात सभासदाला मत आहे का?

बुलडॉग्जचं जुनं नाव फुट्सक्रे. १९८९ च्या ऑक्टोबरात लीगने जाहीर केलं की फुट्सक्रे आणि फिट्झरॉय एकत्र होणार. क्लब दिवाळखोरीच्या दारात होता, त्यामुळे कागदावर निर्णय शहाणपणाचाच दिसत होता. पण आयरीन चॅटफील्ड या साध्या समर्थक बाईंच्या नावाने कोर्टात दावा दाखल झाला, पीटर गॉर्डन नावाच्या तरुण वकिलाने आघाडी उभी केली, आणि लोक डबे खुळखुळवत दारोदार फिरले. कारखान्यांच्या गेटवर, दुकानांसमोर, सिग्नलला. ठरलेल्या मुदतीत लाखो डॉलर जमले आणि विलीनीकरण बारगळलं. सात वर्षांनी मेलबर्न नावाचाच क्लब आणि हॉथॉर्न यांचंही असंच लग्न ठरत होतं. मेलबर्नच्या सभासदांनी होकार दिला, हॉथॉर्नच्या सभासदांनी मतदानात उधळून लावलं. त्याच साली फिट्झरॉयला मात्र वाचवता आलं नाही. त्यांचा शेवटचा सामना १ सप्टेंबर १९९६ ला, घरापासून हजारो किलोमीटर लांब पर्थमध्ये झाला.

आता जायंट्स. इथे मेंबरशिप घेतली की तिकीट मिळतं, स्कार्फ मिळतो, माणसं आपुलकीने बोलतात. पण संचालक मंडळ नेमतं ते एएफएल. सन्सचंही तसंच. म्हणजे उद्या मैदान कुठलं, कॅनबेराला किती सामने न्यायचे, हे ठरवताना तुमच्या मताची पेटी कुठेच नसते. क्लबचा खर्च लीगच्या तिजोरीतून मोठ्या प्रमाणात भागतो, तेव्हा हुकूमही तिथलाच चालणार. यात मला लबाडी वाटत नाही. रेघेपलीकडे क्लब रुजवायचा तर कुणीतरी पंचवीस-तीस वर्षं पदरमोड करायला हवी, आणि ती सभासदांच्या वर्गणीतून होत नाही. फक्त आपण नक्की काय विकत घेतोय ते माहीत असावं.

याची दुसरी बाजू: कॉलिंगवूडचे सभासद एक लाखाच्या वर आहेत. तिथे तुम्हाला मत आहे, पण तुम्ही लाखात एक. जायंट्सचे सभासद त्यांच्या निम्म्यानेही नाहीत. मैदानात चोवीस हजारांच्या आसपास माणसं मावतात आणि बहुतेक वेळा तेवढीही नसतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या सामन्याला शेजारच्या खुर्चीवरची बाई तुमच्या मुलांना नावाने हाक मारायला लागते. जायंट्सची जर्सी नारिंगी आहे. आपल्या लोकांना तो रंग भगवा वाटतो आणि तेवढ्यावर क्लब ठरवणारे महाभागही आहेत. असोत.

वाट किती बघावी लागेल?

आयपीएलवर वाढलेल्या माणसाला इथे धक्का बसतो. गुजरात टायटन्सने २०२२ मध्ये पहिल्याच सीझनला करंडक उचलला. फूटीत असा लिलाव नाही. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या पद्धतीतून, येतात आणि त्यांच्या अंगात बळ यायला चार-पाच वर्षं जातात. जायंट्सने २०१२ मध्ये दोन सामने जिंकले, २०१३ मध्ये एक. सन्सना पहिल्यांदा फायनल्समध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीत, पोचायला २०२५ उजाडलं, म्हणजे पंधरावा सीझन. स्वान्सना सिडनीत पहिलं विजेतेपद मिळालं २००५ साली, स्थलांतरानंतर २३ वर्षांनी. मधे १९९२-९३ मध्ये ओळीने २६ सामने हरण्याचीही पाळी आली. तोच हिशेब लावला तर जायंट्सची पाळी २०३५ ला येते.

पण जुना क्लब घेतला म्हणून वाट कमी होते असंही नाही. बुलडॉग्ज १९५४ नंतर थेट २०१६ ला जिंकले. मेलबर्न ५७ वर्षं थांबला. सेंट किल्डाकडे आजवर एकच विजेतेपद आहे, १९६६ चं, तेही एका गुणाने.

२०१६ ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण या जोडीचं सगळं नातं तिच्यात आहे. बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावर राहून फायनल्समध्ये आले, पर्थला जाऊन जिंकले, मग आधीची तीन वर्षं ओळीने विजेता ठरलेल्या हॉथॉर्नला घरी पाठवलं. उपांत्य सामना जायंट्सच्या मैदानावर, सिडनीत. जायंट्सचा सहकर्णधार कॅलन वॉर्ड हा मूळचा बुलडॉग्जचाच, नवा क्लब निघाला तेव्हा तिकडे गेलेला. सामन्याच्या सुरुवातीलाच डोक्याला मार बसून तो बाहेर पडला. बुलडॉग्जकडून टॉम बॉयड, जायंट्सनेच २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला आणि वर्षभरात मेलबर्नला परत आलेला. शेवटी ८९-८३, अवघ्या सहा गुणांनी बुलडॉग्ज. पुढच्या आठवड्यात अंतिम सामन्यात पुन्हा ८९ गुण करून त्यांनी स्वान्सना हरवलं. बॉयडचे तीन गोल. सिडनीचे दोन्ही क्लब पाठोपाठ एका जुन्या, गरीब क्लबाने संपवले. स्वान्सचे लोक अजून त्या दिवशीच्या फ्री किकचा हिशेब काढतात: बुलडॉग्जना वीस, स्वान्सना आठ.

त्यांच्या कुरकुरीत तथ्य आहे ते मैदानाबाबत. अंतिम सामना मेलबर्नच्या एमसीजीवरच होतो आणि करार २०५९ पर्यंतचा आहे. कोरोनाच्या काळातले २०२० आणि २०२१ हे अपवाद. जायंट्स २०१९ मध्ये तिथे पहिल्यांदा पोचले तेव्हा समोर रिचमंड आणि भोवती बहुतेक रिचमंडचेच लोक. निकाल ११४-२५. सिडनीकर म्हणून क्लब धरताना हे गृहीत धरा: सर्वांत मोठा सामना कधीच तुमच्या घरी होणार नाही. तरीही मार्ग बंद नाही. लायन्स २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोनदा एमसीजीवर जिंकून गेले.

खेळाडू टिकतात का?

नव्या क्लबाचं खरं दुखणं हे. व्हिक्टोरियातला अठरा वर्षांचा मुलगा ड्राफ्टमधून सिडनीला येतो, तुम्ही त्याच्या नावाची जर्सी पोरीला घेता, आणि करार संपला की तो आईवडिलांजवळ निघून जातो. जेरेमी कॅमेरॉन जिलॉंगला गेला, ॲडम ट्रेलोर कॉलिंगवूडला. सन्सचे तर टॉम लिंच आणि स्टीव्हन मे हे दोन्ही सहकर्णधार २०१८ ला एकदमच गेले.

जुन्या क्लबांकडे वडिलोपार्जित सोय आहे. ज्याचे वडील क्लबकडून शंभर सामने खेळले त्या मुलावर क्लबचा पहिला हक्क. बुलडॉग्जच्या सॅम डार्सीचे वडीलही तिथेच खेळले आणि आजोबाही. जायंट्सला अशी पिढी तयार व्हायला वेळ आहे. त्याची भरपाई म्हणून उत्तरेच्या चार क्लबांना (स्वान्स, जायंट्स, लायन्स, सन्स) अकादमी दिल्या आहेत: आपल्या भागात घडवलेला मुलगा दुसऱ्या क्लबाने पुकारला तर ड्राफ्टचे गुण (निवडीच्या पाळीला लावलेली किंमत) मोजून ठेवून घेता येतो. सन्सनी २०२३ मध्ये अशी चार पोरं पहिल्याच फेरीत घेतली आणि मेलबर्नमध्ये एकच बोंब झाली. मला ती बोंब फारशी पटत नाही. वारसाहक्क चालतो आणि अकादमी चालत नाही, हे कसं? उलट सिडनीतल्या मराठी घराने याकडे नीट बघावं. तुमचा मुलगा ब्लॅकटाउनमध्ये खेळत मोठा झाला तर त्याला दार उघडणारी व्यवस्था हीच आहे. वडील फूटी खेळलेले असण्याची अट तिथे नाही. मुलींच्या बाबतीत दोन्ही क्लब सारखेच: महिला लीग २०१७ ला सुरू झाली तेव्हाच्या आठ संघांत दोघेही होते.

मग काय घ्यावं?

टार्नीट-ट्रुगनीनाकडे राहत असाल तर बुलडॉग्ज, दुसरा विचार नको. टार्नीटहून व्ही-लाइनची गाडी सरळ सदर्न क्रॉसला जाते आणि तिथून पादचारी पुलावरून चालत डॉकलंड्सच्या मैदानात. वर्षातले एक-दोन सामने बॅलरॅटला असतात, तेवढी सहल करायची. कॉलिंगवूड घ्यायचा तर गर्दीची हौस आणि टोमणे खायची तयारी हवी. त्यांच्याशिवाय सगळं मेलबर्न त्यांच्या विरोधात असतं.

सिडनीच्या पश्चिमेला स्वान्स की जायंट्स हा खरा पेच. स्वान्सना इतिहास आहे, एससीजीचं मैदान देखणं आहे, भरगच्च असतं. पण ब्लॅकटाउनहून सेंट्रल, तिथून लाइट रेल, मग रात्री पेंगणारी पोरं घेऊन परत. जायंट्ससाठी लिडकमला गाडी बदलली की ऑलिंपिक पार्क. लहान मुलं असतील तर माझं मत जायंट्सला, आणि संचालक मंडळात आपलं मत नाही हे पत्करून. एकट्यादुकट्या तरुणाने खुशाल स्वान्स घ्यावा.

नोकरी बदलीची असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. सिडनी आणि ब्रिस्बेनचे क्लब सीझनमध्ये मेलबर्नला अनेकदा खेळायला येतात आणि मेलबर्नमधल्या चाहत्यांसाठी वेगळी मेंबरशिपही देतात. मेलबर्नचा क्लब मात्र सिडनीत वर्षातून एखाद-दोनदाच दिसतो. दोन वर्षांत कुठे जाऊ ते ठरलेलं नसेल तर उत्तरेचा क्लब जास्त सोयीचा, आणि तोपर्यंत तीन सामन्यांची स्वस्तातली मेंबरशिप पुरे.