अंदमानचं सात दिवसांचं पॅकेज: राधानगर साडेचारला नको

आमच्या घरी समुद्र म्हणजे नागपूरचा फुटाळा तलाव. संध्याकाळी भुट्टा खायचा, पाण्याकडे पाहायचं, घरी यायचं. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलं तेव्हा समुद्राचा अनुभव असा घरात कोणालाच नव्हता. आमचे हे एकदा जुहूला पॅन्ट वर करून उभे राहिले होते, तेवढंच. बाकी मी, बारा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आईंचं वय 71, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि "मी येऊन काय करू तिकडे?" हे त्यांनी निघेपर्यंत रोज विचारलं.

पॅकेज नागपुरातल्याच एका टूर कंपनीचं घेतलं. सहा रात्री, सात दिवस, माणशी 42 हजार, विमानभाडं वेगळं. नागपूरहून थेट विमान नाही. आम्ही कोलकात्यामार्गे गेलो आणि मधली रात्र विमानतळाच्या खुर्च्यांवर काढली. ती रात्र पॅकेजमध्ये धरलेली नाही, हे मला खुर्चीवर बसल्यावर कळलं. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, सगळं इन्क्लुडेड आहे," असं ऑफिसातला मुलगा म्हणाला होता. मी सीएच्या ऑफिसात काम करते. इन्क्लुडेड म्हणजे काय ते लिहून मागायला पाहिजे होतं, चूक माझीच.

जे चांगलं ते आधी सांगते. तिन्ही हॉटेलं स्वच्छ होती, गाड्या वेळेवर आल्या, आईंना प्रत्येक ठिकाणी न मागता तळमजल्यावरची खोली मिळाली. तक्रार वेळापत्रकाची आहे. ते नागपुरात बसून, नागपूरच्या उन्हाकडे पाहून केलेलं आहे. आणि बेटावर दोनच गोष्टी तुमचा दिवस ठरवतात: सूर्य आणि भरती-ओहोटी.

राधानगरचंच घ्या. हॅवलॉक बेटावरचा हा बीच. 2018 पासून बेटाचं अधिकृत नाव स्वराज द्वीप, नील बेटाचं शहीद द्वीप, आणि 2024 पासून पोर्ट ब्लेअर झालं श्री विजय पुरम. बोटीच्या तिकिटावर नवी नावं, ड्रायव्हरच्या तोंडी जुनी. आई दोन दिवस समजत होत्या की आपल्याला एकूण सहा गावं फिरायची आहेत. तर आमच्या कागदावर होतं: "दुपारी आराम, 4:30 राधानगर बीच, सूर्यास्ताचा आनंद." नागपुरात डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून आम्हालाही ते बरोबरच वाटलं. सव्वाचारला गाडी आली, पावणेपाचला पोचलो, मुलांचे कपडे बदलले, मुलगी "वाळू टोचते" म्हणून रडली, तिला समजावलं. एवढ्यात सूर्य पाण्याला टेकला आणि लाइफगार्डने शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. पाण्यात किती वेळ? अकरा मिनिटं. मुलाने घड्याळ लावून ठेवलं होतं.

रात्री त्यानेच भूगोलाचं गणित मांडलं. नागपूर साधारण 79 अंश पूर्वेला, हे बेट 93 अंशांवर. एका रेखांशाला चार मिनिटं, चौदा अंशांना छप्पन्न. घड्याळ एकच, पण तिथली दुपार आपल्या दुपारच्या जवळजवळ तासभर आधी होऊन जाते. सहावीतल्या पोराला जे येतं ते पॅकेज बनवणाऱ्याला येऊ नये, बाप्पा!

यावरचा उपाय हॉटेलच्या मॅनेजरने सांगितला: संध्याकाळ सोडा, पहाटे जा. हॅवलॉकच्या दुसऱ्या सकाळी आम्ही स्वतःच्या पैशाने ऑटो केला आणि साडेसहाला राधानगरला होतो. साडेपाचच्या आसपास उजाडलेलं असतं, त्यामुळे लख्ख ऊन. आदल्या संध्याकाळी जिथे जत्रा होती तिथे एक कुत्रं आणि दोन झाडूवाले. वाळू पिठासारखी, मोदकाच्या उकडीला घेतो तशी बारीक. पाणी आत कुठवर गुडघ्याएवढंच राहतं. बीचच्या टोकाकडे मगरींची सूचना देणारे फलक आहेत, तिकडे जायचं नाही, आणि लाइफगार्ड जिथे बसतो त्याच्या समोरच राहायचं. दोन तास कसे गेले कळलं नाही. संपूर्ण सहलीतला हा सगळ्यात स्वस्त कार्यक्रम होता, ऑटोचे पैसे फक्त.

हॅवलॉकवरच्याच एलिफंट बीचला आम्ही जेटीवरून स्पीडबोटीने गेलो. इथे "कॉम्प्लिमेंटरी स्नॉर्केलिंग" होतं. कॉम्प्लिमेंटरी म्हणजे टायरट्यूब धरून एक चक्कर, मग गाइड वर काढतो आणि लांबच्या चकरेचा भाव सांगतो. इथे मी पैसे दिले आणि पश्चात्ताप नाही. मात्र आधी आमच्या ह्यांचा मास्क. चष्म्यासारखा तो मोठा मास्क नाकासकट चेहऱ्याला चिकटतो, श्वास तोंडातल्या नळीने घ्यायचा. मुलाला जमलं, मला तिसऱ्या खेपेला जमलं, ह्यांच्या मास्कमध्ये दर मिनिटाला पाणी. पट्टा घट्ट केला, पुन्हा पाणी. दुसरा मास्क दिला, पुन्हा पाणी. ह्यांनी ठरवून टाकलं की सगळा माल खराब आहे. शेवटी गाइड पोरगा जवळ आला, तोंडाकडे बघून म्हणाला, "भैया, मूंछ." मिशीच्या केसांतून हवा जाते, रबर चिकटत नाही. त्याने खिशातून व्हॅसलीनची डबी काढली आणि आमच्या ह्यांच्या पंचवीस वर्षं जपलेल्या मिशीवर बोटाने भरपूर चोपडली. मग चाळीस मिनिटं माणूस वर आला नाही. वर आल्यावर बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला की समुद्रफुलाच्या बोटांमध्ये नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा घर करून बसला होता आणि ह्यांच्यावर धावून आला. मिशी असणाऱ्यांनी डबी घेऊनच जा.

मुलाला चष्मा आहे. नंबरचा मास्क मिळतो का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा; आम्हाला जवळचा नंबर मिळाला. सी-वॉक, म्हणजे डोक्यावर हेल्मेट घालून तळावर चालायचं ते, माणशी साडेतीन हजार सांगितले, आम्ही सोडलं. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जायचं ते, तेही सोडलं. करणार असाल तर शेवटच्या दिवशी ठेवू नका, त्यानंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं.

बोटीबद्दल एकच. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीने दोनएक तास, बंद एसी केबिन. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नाही. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. चिवड्याची पिशवी कामी आली, चिवडा मात्र गेला.

सेल्युलर जेलला पहिल्याच दुपारी नेतात. रात्रभर खुर्चीवर बसलेल्या माणसांना! तरी तिथे कंटाळलं कोणी नाही. 1896 ते 1906 या काळात बांधलेला तुरुंग, मधल्या बुरुजातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघायच्या, आज तीन उरल्यात. प्रत्येक कोठडीचं तोंड समोरच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. 1911 ते 1921 अशी दहा वर्षं त्यांनी या तुरुंगात काढली. आईंना जिना जमणार नाही म्हणून आम्ही खाली बाकावर बसवलं, तर वीस मिनिटांनी त्या कठड्याला धरून वर हजर. कोठडीत गेल्या, भिंतीला हात लावला आणि मुलाला म्हणाल्या, "दार लाव रे." त्याने लावलं नाही. रात्रीच्या लाइट अँड साउंड शोला दोन्ही मुलं झोपली. तो दुसऱ्या दिवशी ठेवायला हवा होता.

रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, मोडक्या भिंतींना झाडांच्या मुळांनी गुंडाळलेलं, पाहण्यासारखं आहे. बॅटरीची गाडी मिळते, वयस्कर माणसं असतील तर घ्याच. ठिपक्यांची हरणं अगदी जवळ येतात. एकाने आमच्या संत्रा बर्फीच्या खोक्याचा कोपरा खाल्ला. नॉर्थ बे किनाऱ्यावर गर्दी, ढकलाढकली. जुन्या लाल वीसच्या नोटेमागे जे दीपगृहाचं चित्र होतं ते इथलं, एवढी माहिती गाइड प्रत्येक पाच मिनिटांनी देतो. वगळलं तरी चालेल. बाराटांग बेटासाठी जास्तीचे पैसे मागितले होते, आम्ही नाही म्हटलं. मध्यरात्री उठायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यात गाडी न्यायची. गुडघे आणि लहान मूल घेऊन ते झेपणारं नव्हतं. आणि गाडीच्या काचेतून माणसं शोधणारे प्रवासी मला हॉटेलात जेवताना ऐकू आले होते, तेवढं पुरलं.

आता नील. छोटं बेट, सपाट, बंगाली वस्ती, भाजीचे मळे. सकाळी आईंनी शेतातले वांगे पाहून भाव विचारला. कागदावर होतं: "4:00 नॅचरल ब्रिज." खडकाची नैसर्गिक कमान, तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात. चारला पोचलो तर वाटेवरच पाणी, भरतीचं. ड्रायव्हर म्हणाला, "ब्रिज देखना है तो ऊपर से देख लो." वरून काही दिसत नव्हतं. आम्ही कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, "मॅडम, पाणी आमच्या हातात आहे का?" हातात नाही, पण रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा जेटीवरचा पानवालाही सांगतो. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, कोणत्या तारखेला कधी ते आधीच ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिथेच परत गेलो, पुन्हा ऑटो, पुन्हा आमचे पैसे. आणि समुद्र निघून गेला होता. आदल्या दिवशी जिथे लाटा आपटत होत्या तिथे खडक, खडकांत डबकी, डबक्यांत जग. तिथल्या गाइड पोराने काळ्या काकडीसारखा एक प्राणी पाण्यातच दाखवला, हात लावू दिला नाही. निळ्या ओठांचा शिंपला आमची सावली पडताच मिटला. मुलीने सावली काढली, तो उघडला. पुन्हा सावली, पुन्हा बंद. असं तिने पंधरा-वीस वेळा केलं. अमावस्या-पौर्णिमेला पाणी याहून खूप मागे जातं, आज सप्तमी-अष्टमी आहे, असं गाइड म्हणाला. खडक निसरडे आहेत, चपला नकोत, मागे पट्टा असलेले रबरी बूट घाला.

आई खडकांवर आल्याच नाहीत. त्यांना आम्ही भरतपूर बीचवर सोडलं होतं. परत आलो तर नारळपाणीवाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची पोटरीएवढ्या पाण्यात ठेवून त्या बसल्या होत्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय पाण्यात. मला म्हणाल्या, "अवं, पाय दुखूनच नाही राहिले." आणि मग, "हे पाणी सकाळी तिथवर होतं. गेलं कुठं मंग?" पुढचे दोन तास आम्ही तिथून हललो नाही. लक्ष्मणपूर बीच आणि सीतापूर बीच कागदावरच राहिले.

मुलीच्या खिशात प्रवाळाचा एक पांढरा तुकडा निघाला, हॉटेलच्या पोराने परत टाकायला लावला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात तेव्हा काढून घेतात. मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे रडारड होत नाही.

जेवणाचं: आई शाकाहारी, सात दिवस नाश्त्याला पुरी-भाजी. एका सकाळी लुची आणि आलू-पोस्तो मिळालं तेवढं आवडलं. तर्रीची आठवण सगळ्यांना आली, परतल्यावर विमानतळावरून घरी न जाता आधी पोहे.

कंपनीला पाचपैकी तीन. परत आल्यावर त्यांचा व्हॉट्सॲप आला, पाच तारे द्या, पुढच्या सहलीत सूट. मी त्यांना दोन ओळी पाठवल्या: राधानगर सकाळी साडेसहाला, नॅचरल ब्रिज त्या तारखेची ओहोटी बघून. अंगठा आला. काल त्यांची मार्चची जाहिरात आली आहे. राधानगर अजून साडेचारलाच.